बोटावर निभावणार नाही



'जिवावरचं बोटावर निभावलं' असं आपण सहज म्हणतो, आणि म्हणताना ५ एप्रिल १६६३ ची लाल महालातली रात्र डोळ्यांपुढे येतेच. शाएस्ताखान खिडकीतून निसटला, जीव वाचला, बोटं गेली. आज मी बोटांविषयीच बोलणार आहे, पण लाल महालापासून फार दूरच्या तलवारीच्या निमित्तानं.

नोकरीसाठी जर्मनीत होतो तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका शाळेच्या व्यायामशाळेत, आम्ही पंधराएक जण लांब तलवार शिकायचो. ऑलिंपिकमध्ये दिसते ती तलवारबाजी ही नव्हे. युरोपातल्या जुन्या उस्तादांच्या पोथ्या आज ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत आहेत. त्या समोर ठेवायच्या, वाचायच्या, आणि त्यांतला एकेक डाव पुन्हा हातात बसवायचा, असा हा अभ्यास. सरावाची तलवार दोन्ही हातांनी धरायची, साधारण एकशेतीस सेंटीमीटर लांब, दीड किलोच्या आतबाहेर वजनाची. तिला 'फेडर' म्हणतात. तिला धार नसते, टोकही वळवलेलं किंवा बोथट केलेलं असतं. धार नाही म्हणून नव्या माणसाला ती निरुपद्रवी वाटते. पण आपल्या अंगावर येते ती वेगात फिरलेली पोलादी कांब, हे पहिल्या दिवशीच मनात पक्कं बसायला हवं.

ही कांब सगळ्यात आधी लागते ती हाताला. तलवार पुढे धरली की समोरच्याला आपल्या शरीराचा सर्वांत जवळचा भाग मिळतो तो हातच. शिवाय तो चुकून लागतो असंही नाही. जर्मन परंपरेत ज्याला आद्य गुरू मानतात त्या योहानेस लिख्टेनाउअरच्या शिकवणीत पाच मुख्य वार आहेत. त्यांतला 'क्रुम्पहाऊ', म्हणजे वाकडा वार, मुळी प्रतिस्पर्ध्याच्या हातांवर टाकायलाच सांगितला आहे. हात दाबणं, हात छाटणं यांचे वेगळे धडे आहेत. तेव्हा ही विद्या प्रामाणिकपणे शिकायची तर हातावर मार बसणार, आणि आपणही तो दुसऱ्याच्या हातावर देणार.

इटलीच्या फ्रिउली भागातला फियोरे देई लिबेरी हा उस्ताद मला या बाबतीत फार जवळचा वाटतो. १४१० च्या सुमारास सिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की मला इतर उस्तादांशी पाच वेळा धारदार तलवारींनी लढावं लागलं, आणि तेव्हा अंगात चिलखत नव्हतं. होती ती एक जाड बंडी आणि शॅमॉय कातड्याचे हातमोजे. शॅमॉय म्हणजे आल्प्समधली रानबकरी, तिचं मऊ कातडं. इतक्या मोठ्या उस्तादानं जिवावरच्या लढतीत अंगावर काय होतं ते सांगताना हातमोज्यांची आठवण ठेवली, याचं मला मोल वाटतं. मग आपल्याला मऊ कातड्यावर का भागवता येत नाही? फियोरे आयुष्यात पाच वेळा तसा लढला. आम्ही आठवड्यातून दोनदा उभे राहायचो, आणि एका संध्याकाळी हातावर दहा-बारा फटके सहज यायचे.

आता बोट मोडतं कसं, ते नीट बघू, कारण हातमोज्याची सगळी निवड त्यावर उभी आहे. मोकळ्या हातावर फटका बसला तर हात मागे सरतो, जोर थोडा वाया जातो. मुठीवर आवळलेल्या बोटाला सरायला जागाच नसते. खाली मुठीचं लाकूड, वर पोलादाचं पातं, मध्ये हाड. पाट्यावर ठेवून वरवंटा मारावा तसं होतं. मधला नुसता फोम कितीही जाड असला तरी तो दबतो, आणि दबून झाल्यावर उरलेला जोर हाडात उतरतो. म्हणून वरून कठीण कवच लागतं. तेही असं, की त्याच्या कडा तलवारीच्या मुठीवर टेकाव्यात आणि फटक्याचा भार बोटाला वगळून थेट मुठीत जावा. हे तत्त्व जुनंच आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी इथे १३६१ च्या लढाईत पडलेल्यांच्या सामूहिक कबरींतून जे हातमोजे निघाले, त्यांत लोखंडी पत्रे खिळ्यांनी जडवलेले आहेत. आज लोखंडाच्या जागी कठीण प्लास्टिक आलं.

हे मला आधी कुणी बोट धरून दाखवलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी या खेळासाठी वेगळे हातमोजे जवळपास नव्हतेच, म्हणून लोक लॅक्रॉस किंवा आइस हॉकीचे वापरत. त्याच घडणीचे स्वस्त मोजे पुढेही मिळत राहिले. मीही तसलाच जोड घेतला. बोटांच्या पाठीवर छान गाद्या होत्या. अंगठ्याच्या टोकावर मात्र नुसतं कापड आणि पातळ फोम. तिसऱ्या महिन्यात समोरच्याचा एक साधा वार माझ्या तलवारीवरून घसरला आणि उजव्या अंगठ्याच्या टोकावर आला. आवाजसुद्धा झाला नाही. मोजा काढला तर नख काळंनिळं, आणि शेवटच्या पेराचं हाड तडकलेलं. सहा आठवडे अंगठा पट्टीत होता. शर्टाचं बटण लावता येईना, कुलपात किल्ली फिरेना, सही करता येईना. ज्याचा वार लागला त्या मुलाची काहीच चूक नव्हती; तो बिचारा दर दोन दिवसांनी विचारपूस करायला यायचा.

म्हणून हातमोजा बघताना मी आधी अंगठ्याचं टोक बघतो, मग बाकीच्या बोटांची टोकं, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच. कंपनीचं नाव आणि रंग नंतर.

लांब तलवारीसाठी मोजे तीन तऱ्हांचे मिळतात. पाच बोटांचा मोजा बोटं मोकळी ठेवतो, पण प्रत्येक बोट एकटं पडतं आणि बाजूनं येणारा फटका त्याला एकट्यालाच सोसावा लागतो. चारही बोटं एका कवचात घेणारा मोजा सर्वांत भक्कम. त्यात पकड बदलणं मात्र अवघड जातं. दोघांच्या मधला, म्हणजे बोटांच्या जोड्या करणारा, तीन भागांचा. पोलंडची स्पेस ही कंपनी पाच बोटांचेही करते आणि एका कवचाचेही, म्हणजे हा प्रश्न बनवणाऱ्यांनीही एका उत्तरात मिटवलेला नाही. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे: पोलादी फेडरनं मोकळी लढत खेळायची असेल तर एका कवचाचा किंवा तीन भागांचा मोजा घ्यावा. पाच बोटांचा मोह टाळावा.

इथे मला आपल्या पट्ट्याची आठवण होते. मर्दानी खेळ पाहिलेल्या श्रोत्यांना ठाऊक असेल, की पट्ट्याची मूठ पोलादी आवरणाच्या आत असते आणि ते आवरण मनगटाच्या वर, पार हातावर चढतं. बोटांचं रक्षण शस्त्रातच केलेलं. त्याची किंमत मनगटानं मोजली. मनगट वळत नाही, म्हणून पट्टेकरी खांद्यातून आणि कमरेतून फिरतो, आणि त्याची सगळी विद्या त्या फिरण्यावर रचलेली आहे. लांब तलवारीचं उलट आहे. तिच्या मुठीपुढे नुसता आडवा दांडा, आणि विद्या सगळी मनगटात आणि अंगठ्यात. 'ट्स्वेर्खहाऊ' नावाच्या आडव्या वारात अंगठा पात्याच्या सपाट बाजूखाली न्यावा लागतो. मोज्यानं अंगठा राखला पण हलूच दिला नाही, तर तो वार शिकताच येत नाही. तेव्हा दुकानात रिकाम्या हातानं मोजा घालून बघण्यात काही अर्थ नाही. तलवार सोबत न्या. मोजा घालून मूठ धरा, अंगठा पात्यावर न्या, परत आणा, वीस वेळा. मग कुणाला तरी लाटण्यानं अंगठ्यावर आणि बोटांच्या टोकांवर हलके टकटक करायला सांगा. जिथे टकटक थेट नखाला कळते, तिथे उद्या हाड जाईल.

शस्त्र बदललं की मोजाही बदलतो. रेपिअर तलवारीच्या मुठीला वाटी किंवा सळ्यांची जाळी असते, आणि तर्जनी आडव्या दांड्यावरून पुढे टाकायची असते. तिथे एका कवचाचा मोजा आतच जात नाही. सेबरला आपल्या तलवारीसारखी परज असते, तिथे मध्यम जाडीचा पाच बोटांचा चालतो. तलवार आणि छोटी ढाल यांची जी सर्वांत जुनी पोथी आज हाती आहे, १३०० नंतरच्या दशकांतली, इंग्लंडात लीड्सला ठेवलेली, तिच्यातल्या चित्रांत ढाल सतत तलवारीच्या हातापुढे धरलेली दिसते. ढालच तिथे हातमोजा.

आणखी एक सावधगिरी. तलवारबाजीच्या जॅकेटवर ३५० किंवा ८०० न्यूटन असे आकडे छापलेले असतात. ते कापड भोसकलं जाण्याविषयीचे आहेत. फटक्यानं हाड मोडेल की नाही, हे त्यातून कळत नाही. आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. मोज्याचा मनगटपट्टा आणि जॅकेटची बाही यांच्यात हात वळवल्यावर फट उरते का तेही बघा, कारण टोक नेमकं तिथूनच आत शिरतं. सराव झाला की मोजे पिशवीत कोंबू नका. सावलीत, वाऱ्यावर वाळवा; दोऱ्या आणि खिळे दर महिन्याला तपासा. तडा गेलेलं कवच चिकटवून वापरू नका, बदला.

युरोपात शिकायला गेलेली आपली बरीच मुलंमुली विद्यापीठांच्या गावांतून अशा क्लबांत जातात. त्यांना आणि इथे ऐकत असलेल्या त्यांच्या आईवडिलांना माझं एवढंच मागणं आहे. तलवार क्लबात उसनी मिळते, ती वर्षभर उसनीच वापरा. पहिले पैसे मास्कवर आणि हातमोज्यांवर घाला, आणि ते हाती येईपर्यंत पोलादानं मोकळी लढत खेळू नका. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.