पडद्यावरची ओळख आणि व्यवहारातील पत

व्यापारात भांडवलाइतकीच पत मोलाची असते. पूर्वी इंदूरच्या पेढीने लिहिलेली हुंडी मुंबईची पेढी सकारीत असे. मालकांची दृष्टभेट झालेली नसली, तरी आधीच्या हुंड्या मुदतीत चुकत्या झालेल्या असत.

१९८५ साली अमेरिकेत आयव्हन मिस्नर यांनी स्थापिलेल्या ‘बीएनआय’ या संस्थेची रीत साधी आहे. सभासदांनी दर आठवड्यास जमावे, थोडक्यात आपला व्यवसाय सांगावा आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवावे. २०२० च्या महासाथीत या बैठका संगणकाच्या पडद्यावर आल्या. चहापान गेले, हस्तांदोलन गेले. उरले ते मिनिटभराचे बोलणे.

मिनिटभरात ओळख होते; विश्वासाला अवधी लागतो. दुसऱ्याचे नाव सुचविणारा स्वतःची पत तारण ठेवीत असतो. काम बिघडले, तर दोष त्याच्याही माथी येतो. म्हणून जाणता व्यावसायिक पडद्यावर आपली थोरवी गात बसत नाही. तो वेळेवर हजर राहतो, समोरच्याची अडचण विचारतो, एखादे लहानसे काम अंगावर घेतो आणि पुढील बैठकीपूर्वी ते पुरे करतो. असे चार-सहा शब्द पाळले गेले, म्हणजे मोठे काम सोपविण्याचे धैर्य इतरांना होते. भेटीचे साधन बदलले. पत मात्र अजूनही दिलेला शब्द पाळूनच मिळवावी लागते.