हजाएलाचं उत्तर



बायबलमधली दुष्ट माणसं कोण, असं विचारलं तर काईन, फारो, हेरोद ही नावं लगेच पुढे येतील. हजाएल सहसा कुणाला आठवत नाही. पण माणसाच्या मनात वाईटाला किती जागा असते हे समजून घ्यायचं, तर मला त्याच्याकडेच वळावं लागतं.

इसवी सनापूर्वी ९व्या शतकातली गोष्ट. अरामचा राजा बेन-हदाद दिमिष्कात, म्हणजे आजच्या दमास्कसमध्ये, आजारी होता. इस्राएलचा संदेष्टा अलीशा तिथे आल्याचं कळलं. आपण बरे होऊ का, हे विचारायला राजाने आपल्या पदरच्या हजाएलाला पाठवलं. सोबत ४० उंटांवर लादलेला नजराणा. अलीशा हजाएलाकडे टक लावून पाहत राहिला, इतका वेळ की हजाएल ओशाळला. मग अलीशाला रडूच कोसळलं. हा माणूस आपल्या लोकांचे कोट जाळणार, तान्ही मुलं आपटून मारणार, गरोदर बायकांनाही सोडणार नाही, हे त्याला दिसलं होतं आणि त्याने ते तोंडावर सांगितलं. हजाएलाचं उत्तर असं होतं की आपण पडलो एक कुत्रा, आपल्या हातून एवढं कसं होणार.

या उत्तराचे दोन अर्थ लावता येतात. एक, तो ऐकूनच हादरला. दुसरा, एवढं करायची त्याची ऐपतच नव्हती. मला दुसरा अर्थ जास्त अस्वस्थ करतो. त्यात कृत्याची किळस कुठेच नाही. हाती सत्ता नाही, एवढीच अडचण आहे. तू राजा होशील, असं अलीशाने सांगितलं आणि तीही अडचण संपली. हजाएलाने परत येऊन राजाला सांगितलं की तुम्ही नक्की बरे व्हाल. दुसऱ्या दिवशी जाड कापड पाण्यात भिजवून त्याच राजाच्या तोंडावर पसरलं आणि त्याचा जीव घेतला. पुढे त्याने इस्राएलचा मुलूख तोडला, गथ शहर घेतलं. यरुशलेम वाचवायला तिथल्या राजाला मंदिरातलं सोनं त्याच्या हवाली करावं लागलं.

हजाएल परका होता, शत्रू होता, असं म्हणून आपण सुटलो असतो. पण बायबल आपल्या लाडक्या राजालाही सोडत नाही. दावीदाने उरीयाची बायको बथशेबा आपलीशी केली. उरीया त्याचाच सैनिक, त्याच्यासाठीच लढत असलेला. तिला दिवस गेले, तेव्हा दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं: उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर ठेवा आणि मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिलं. तो इमानी माणूस आपल्या मरणाचा हुकूम स्वतः छावणीत घेऊन गेला. बायबलमध्ये याहून थंड रक्ताची ओळ मला सापडलेली नाही.

नंतर नाथान संदेष्ट्याने दावीदाला एक गोष्ट सांगितली. गरिबाची एकुलती एक कोकरी एका श्रीमंताने हिसकावून नेली. दावीद भडकला, म्हणाला असला माणूस मरणालाच लायक आहे. त्याचा राग अगदी खरा होता, आणि तो माणूस आपणच आहोत हे मात्र त्याला नाथानाने सांगेपर्यंत कळलं नाही. मन सगळ्यांत जास्त फसवतं, असं यिर्मया संदेष्टा का म्हणतो, ते इथे समजतं. शिष्य न धुतल्या हातांनी जेवतात अशी तक्रार झाली, तेव्हा प्रभू येशूनेही बोट आतच दाखवलं: खून, व्यभिचार, लोभ, हेवा ही घाण मनातून बाहेर येते.

दावीदाने नाथानाचं तोंड बंद केलं नाही, सबबी सांगितल्या नाहीत. पाप केलं, असं कबूल केलं. परंपरेने त्याच्या नावावर असलेल्या ५१व्या स्तोत्रात तो देवाकडे नवं, शुद्ध मन मागतो. हजाएलालाही वेळेवर सांगितलं गेलं होतं, सांगणारा तर रडत होता. त्याने काहीच मागितलं नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा ८वा अध्याय आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे ११ आणि १२ हे अध्याय आज घरी लागोपाठ वाचा. फक्त एक विनंती आहे: वाचताना ओळखीतल्या दुसऱ्या कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ देऊ नका.