कांदळवनाचे वजन



मिळालेला वेळ थोडा आहे, म्हणून थेट कांदळवनातच शिरतो.

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून निसार झेपावला. इस्रो आणि नासा यांचा हा रडार उपग्रह दर 12 दिवसांनी त्याच वाटेने परत येतो. पावसाळ्यात कोकणावर आभाळ गच्च भरलेले असते, तेव्हा प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचे काही चालत नाही. रडारला ढगाची आडकाठी नाही. निसारची 24 सेंटीमीटरची एल-बँड लहर पानांच्या छतातून आत शिरते आणि फांद्या-बुंध्यांवरून परतते. आपल्यासारख्यांनी आयुष्यभर वाट पाहावी असे हे साधन आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडून काय मागायचे हे नीट ठरवायला हवे.

रडार झाडाचे वजन करत नाही. परत आलेली लहर किती जोरकस आहे, एवढेच ते सांगते. तिच्यावरून हेक्टरी किती टन जैवभार, हे आपण ठरवतो, आणि ते ठरते चिखलात.

आचऱ्याच्या खाडीत एकदा ओहोटी साधून आम्ही कांदळ मोजायला उतरलो. गुडघाभर चिखल, हातात फीत, आणि समोर छत्रीच्या काड्यांसारखी चहूकडे पसरलेली आधारमुळे. फीत बांधायची कुठे? नेहमीच्या झाडाला छातीच्या उंचीवर बांधतात. इथे त्या उंचीवर खोडच नाही, मुळेच आहेत. नियम असा, की सर्वांत वरच्या आधारमुळाच्या 30 सेंटीमीटर वर माप घ्यायचे. बरोबरच्या विद्यार्थ्याने फीत थोडी खाली बांधली होती. होडीवाले काका होडीतूनच म्हणाले, "वर घ्या, तिथे खोड फुगलेले आहे." त्यांचे बरोबर होते. जपानी संशोधक कोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दिलेल्या सूत्रात व्यास आणि लाकडाची घनता एवढेच लागते. पण व्यासाचा घातांक 2.46 आहे. व्यास 10 टक्के जास्त धरला, तर वजन 26 टक्क्यांनी फुगते. फीत एक वीत खाली सरकली तरी नकाशातले टन बदलतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वन जड होत जाते तशी परतणारी लहर वाढत जाते, हे सुरुवातीपुरतेच खरे. हेक्टरी शंभर टनांच्या पुढे एल-बँडला फरक कळेनासा होऊ लागतो. कांदळाच्या जुन्या, दाट राईत तर उलटेच घडते: आधारमुळांच्या जाळ्यात लहर जिरते आणि रडारच्या चित्रात सर्वांत जड वनच काळे दिसू लागते. ठाण्याच्या खाडीतल्या तिवराला अशी आधारमुळे नाहीत, चिखलातून वर आलेली बोटभर श्वसनमुळे आहेत. तिवरावर बसवलेले समीकरण आचऱ्याच्या कांदळाला लावणे ही चूकच आहे, आणि ती आपल्याकडे सर्रास होते.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या बायोमास उपग्रहाची लहर सुमारे 70 सेंटीमीटरची आहे, ती खोलवर पोहोचते. पण त्याचा जैवभाराचा नकाशा 200 मीटरच्या चौकटीचा. आपल्या खाडीकाठची कांदळाची पट्टी कितीतरी ठिकाणी तेवढी रुंदही नाही.

आणि भरती! उपग्रह ठरलेल्या वेळी येतो, भरती रोज पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते. म्हणून तीच राई एका फेरीत पाण्यात उभी असते, दुसऱ्या फेरीत उघड्या चिखलावर. पाण्यावरून उसळून बुंध्यावर आदळलेली लहर वेगळी परतते. कोकणातला कुठलाही मच्छीमार तिथीवरून पाण्याची वेळ सांगतो. आपल्या शोधनिबंधांत मात्र प्रतिमा घेतली त्या वेळी पाणी किती होते, याची ओळही नसते.

या टनांवरून निघणारा कार्बनचा हिशेब आता पैशात मांडला जाऊ लागला आहे. चुकीच्या टनांवर करार झाले, तर त्याची किंमत खाडीकाठची गावे मोजतील. म्हणून विनंती करतो. ठाण्यापासून तेरेखोलपर्यंत कायमचे मोजणी-चौकोन आखा, तिवर, कांदळ, चिप्पी यांची समीकरणे वेगळी ठेवा, प्रत्येक आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहा. ज्यांच्या होडीतून आपण जातो, त्यांना मजुरी द्या आणि नोंदणीकार म्हणून त्यांचे नावही घाला. पुढच्या परिषदेला नकाशाबरोबर मोजणीची मूळ वही घेऊन या. अर्धा दिवस आपण तीच वाचू.