रंगाआधी अस्तर

मंडळी, आज आम्ही तुमच्याशी रंगाविषयी बोलणार आहोत. पिंगुळीत रंगाविषयी बोलायचे म्हणजे जरा भीतीच वाटते. चित्रकथीचे आणि कळसूत्री बाहुल्यांचे हे गाव. इथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पण आमचा आजचा रंग चित्राचा नव्हे. तो जुन्या गाडीच्या पत्र्याचा आहे.

आपल्याकडे पत्र्याला दोन वैरी. पावसाळ्यात पाणी आणि बाकीच्या दिवसांत समुद्राकडचा खारा वारा. मासळी वाहणाऱ्या गाडीत तर मिठाचे पाणी आतच सांडते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. पत्रा कोरडा दिसला तरी त्याला ओल असतेच. म्हणून गंज लवकर धरतो.

आमच्या शेजारच्या मुलाने कर्ज काढून एक जुना टेम्पो घेतला. तो आमचाच विद्यार्थी. रंग काढायची वेळ आली तेव्हा विचारायला आला. "गुरुजी, दुकानदार तीन तऱ्हेचे प्रायमर दाखवता. काय करूचा?"

प्रायमर म्हणजे रंगाखालचे अस्तर. आम्हाला त्यातले काही कळत नव्हते. पण गुरुजींना विचारले की उत्तर द्यायचेच, ही आमची जुनी खोड. आम्ही म्हणालो, "अरे, तांबडा रेड ऑक्साइड घे आणि मार सगळीकडे. खिडकीच्या गजांना आम्ही तोच मारतो. स्वस्त पडेल."

दिवाळीनंतर रंग झाला. टेम्पो नवऱ्या मुलासारखा सजला. पुढच्या श्रावणात तो मुलगा दारात उभा. "गुरुजी, रंग सगळो सोलान इलो."

आम्ही जाऊन पाहिले. हौद्यात नवा पत्रा बसवला होता, तिथला रंग नखाने ओढताच कांद्याच्या पातीसारखा हातात आला. दारांच्या खालच्या कडेला फोड आले होते. एक फोड फोडला, तर आत तांबडी भुकटी. कर्जाचे हप्ते तर चालूच होते. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

मग आम्ही दोघे कुडाळला एका वयस्क पेंटरकडे गेलो. त्याने खिशातून लोहचुंबक काढले आणि टेम्पोभर फिरवले. दाराला ते घट्ट चिकटले. एका कोपऱ्यात मुळीच चिकटेना. तिथे खड्डा पडला होता आणि आत नुसती लांबी भरलेली होती. हौद्याला चिकटले, पण तिथे रंग सुटलेल्या पत्र्यावर चांदीसारखी फुले दिसत होती. पेंटर म्हणाला, "हा जस्ती पत्रा. याला तांबडे अस्तर चालत नाही."

का चालत नाही, तेही त्याने सांगितले. साध्या रेड ऑक्साइडमध्ये तेल असते. तेल आणि जस्त यांचा हळूहळू साबण होतो. साबणावर रंग कसा धरणार? जस्ती पत्र्याला आणि ॲल्युमिनियमला वॉश प्रायमर लागतो. त्यात थोडे आम्ल असते, ते पत्र्याला चावते आणि पकड देते. एस.टी.ची जुनी लाल गाडी आठवा. तिचा पत्रा ॲल्युमिनियमचा. त्याला चुंबक चिकटत नाही.

आणि दाराचे काय? तिथे पत्रा लोखंडीच होता. पण गंज न काढता वर अस्तर मारले होते. तुमच्याकडे जमीन चोपण्याने नीट चोपली नाही, तर वर कितीही सारवा, पोपडे सुटतातच. तसेच हे. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने पत्रा पांढरा दिसेतो घासा. तोंडाला मास्क लावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. घासलेल्या पत्र्याला उघडा हात लावू नका, घामातही मीठ असते. आणि त्याच दिवशी अस्तर मारा. आपल्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

लोखंडाला रेड ऑक्साइड चालतो, पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. नुसते अस्तर मारून गाडी पावसात ठेवली, तर आतून गंज चढतोच. मासळीच्या गाडीला पेंटरने इपॉक्सी प्रायमर सांगितला. तो महाग, पण पाणी अडवतो. त्याचे दोन डबे येतात. किती भाग कशात मिसळायचे ते डब्यावर असते. ते इंग्रजीत असेल, तर दुकानदाराकडून मराठीत लिहून घ्या आणि स्वतः वाचा. अंदाजाने मिसळला तर तो वाळतच नाही. वॉश प्रायमरवर इपॉक्सी मारायचा असेल, तर आधी विचारा. काही जोड्या जमत नाहीत.

जुना रंग शाबूत असेल तर तो सगळा काढायला नको. थिनरमध्ये भिजवलेले फडके त्यावर थोडा वेळ दाबून धरा. रंग मऊ झाला किंवा सुरकुतला, तर थिनरचे अस्तर त्यावर मारू नका. सगळेच उचलून येईल.

दुसऱ्या वेळी काम माघात केले, दव सुकल्यावर आणि ऊन उतरण्याआधी. निम्मा खर्च आम्ही दिला. मुलगा नको म्हणत होता, पण चूक आमची होती. त्यावर दोन पावसाळे गेले. फाळक्याच्या बिजागरीपाशी तेवढा एक फोड आला आहे.

टेम्पो बाहेर उभाच आहे. चला, चुंबक आणले आहे. कुठला पत्रा कसला, ते तुम्हीच सांगा.