आचके नसलेले फेपरे



फेपरे म्हटले की जमिनीवर पडलेला माणूस, आवळलेल्या मुठी आणि तोंडाला आलेला फेस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु हातपाय न झाडता तासन्‌तास, क्वचित दिवसेंदिवस चालणारे फेपरेही असते. काल संध्याकाळपर्यंत घर सांभाळणारी आजी आज शून्यात पाहते, भलतेच उत्तर देते, पदराशी चाळा करीत बसते. पापणी तेवढी फडफडते. कोणी म्हणतो म्हातारपण, कोणी म्हणतो बाहेरची बाधा. कधी मनोविकाराचा शिक्काही बसतो.

मग हे ओळखावे कसे? नुसत्या डोळ्यांनी याची खात्री होत नाही, हेच यातले मर्म. येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील वीज टिपली आणि १९२९ साली ती जगापुढे मांडली. तोच हा ई.ई.जी. आलेख. डोक्याला तारा लावावयाच्या, इतकेच, वेदना नाही. दर सेकंदास अडीचहून अधिक अणकुचीदार लाटा सतत उमटत राहिल्या, तर शरीर शांत असले तरी मेंदू शांत नाही, असे आम्ही समजतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फेपऱ्याचे कोणतेही चिन्ह न दिसणाऱ्या २३६ बेशुद्ध रोग्यांचे आलेख तपासले. शेकडा आठांच्या मेंदूत फेपरे चालूच होते! म्हणून आचके थांबूनही रोगी शुद्धीवर येत नसेल, तर ‘झोपला आहे, झोपू द्या’ म्हणून भागत नाही.

उपचारात प्रथम रक्तातील साखर पाहावयाची. मग शिरेतून लोराझेपाम, आणि पाठोपाठ लेव्हेटिरासिटम, व्हॅल्प्रोएट किंवा फॉस्फेनिटॉइन. औषधाने रोगी बोलू लागला, तर निदानाला बळकटी येते. न बोलला, तर ते खोटे ठरत नाही. मूळ कारणही शोधावे लागते: चुकलेल्या गोळ्या, पक्षाघात, मेंदूचा दाह, मूत्रपिंड दुबळे असता दिलेले सेफेपाइम. मात्र वृद्धाला भूल देऊन कृत्रिम श्वासावर ठेवण्याची घाई आम्ही करीत नाही. तेथे रोगापेक्षा उपाय जड होण्याची भीती असते.

आपण एकच शब्द ध्यानी ठेवावा: ‘अचानक’. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. माणूस अचानक बदलला, तर अंगारा शोधण्यापूर्वी त्याला रुग्णालयात न्यावे, आणि ‘मेंदूचा आलेख काढावयाचा का?’ असे निःसंकोच विचारावे.