कुळाचा शोध आणि दप्तराची साक्ष



सोळाव्या शतकात सासष्टीतील अनेक दैवते जुवारी नदी ओलांडून आदिलशाही अंत्रुज महालात आली. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला. देव आले; जमिनी मागे राहिल्या. देवळे पाडणाऱ्या सत्तेनेच त्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यासाठी १५६७ चा ‘फोराल’ सिद्ध केला. मूळ देवालयांच्या नमशींची नोंद आज त्यातच सापडते. विध्वंसकाची लेखणीच अशा रीतीने साक्षीदार ठरली!

कुळाचा शोध उलट क्रमाने घ्यावा. प्रथम १८८६ च्या माझानी-रेगुलामेंतानंतरची महाजन-नोंदवही पाहावी. मग गांवकरीची मोडी व गोंयकानडी पुस्तके. शेवटी पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज कागद. स्थलांतराने आडनाव बदलते. गोत्र व कुळदेव सहसा टिकतात. म्हणून केवळ आडनावावरून नाते जोडू नये.

परंतु सरकारी दप्तरात जमीन व कर यांचीच नोंद अधिक. घरची सुखदुःखे, वाटण्या, देवकृत्ये हे सारे आपल्या पेट्यांतील मोडी कागदांत आहे, आणि त्यांस वाळवी लागत आहे. मोडी वाचणारे वृद्ध हयात आहेत तोवर ते वाचून घ्यावेत व त्यांच्या प्रती देवस्थानात ठेवाव्यात. पूर्वजांनी देव वाचविले. वंशजांनी निदान कागद तरी वाचवावेत.