संकटनिवारकांचें शिक्षण
(दुष्काळनिवारण कमिटीच्या नाशिक येथील सभेंत झालेलें भाषण)



दुष्काळांत धान्य, कडबा व द्रव्य मागावयास ही कमिटी आपल्या दारीं येते. आज आमचें मागणें निराळें आहे. संकटसमयीं मदतीस धांवणाऱ्या माणसांच्या शिक्षणाकरितां आम्ही हात पसरीत आहों.

सामुग्री कोणाच्या हुकुमानें, कोठें व केव्हां पोहोंचावी, हें आधीं ठरलें नसेल तर ती असून नसल्यासारखी होते. 1876-78 च्या दुष्काळानें हा धडा दिला. 1880 सालीं दुष्काळ कमिशनचा अहवाल झाला व त्यावरून प्रांतोप्रांतीं दुष्काळसंहिता निघाल्या. चांचणीचीं कामें कोणीं उघडावीं, अपंगांस अन्न कोणीं द्यावें, हें त्यांत आगाऊ लिहिलें होतें. तरीही 1899-1900 च्या दुष्काळांत मनुष्यहानि फार झाली. नुसत्या लेखी नियमानें जीव वांचत नाहींत.

दुष्काळ पावलांपावलांनीं येतो. गर्दींतला अपघात क्षणांत होतो. 27 ऑगस्ट 2003 रोजीं, सिंहस्थांत, याच शहरीं चेंगराचेंगरींत 39 जीव गेले. अशा गर्दींत पुढें काय झालें तें मागच्यास कळत नाहीं. तो रेटीतच राहतो, आणि छाती दाबून श्वास कोंडल्यानें माणसें दगावतात. म्हणून पहिला हुकूम मागें सुटला पाहिजे, येणारा लोंढा थांबविण्याचा. तो कोणीं द्यावा? पोलीस, अग्निशामक, डॉक्टर व स्वयंसेवक यांचे वरिष्ठ निरनिराळे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत होते.

1970 सालीं कॅलिफोर्नियांतील वणव्यांत हीच अडचण आली व तींतून एक पद्धत निघाली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें 2010 सालीं 'घटना प्रतिसाद प्रणाली' या नांवानें तिचे नियम प्रसिद्ध केले. स्थळावर मुख्य एक. त्याच्या हाताखालीं कार्यवाही, नियोजन व पुरवठा अशा तीन शाखा. प्रत्येकास हुकूम देणारा एकच. एका नायकाखालीं सुमारें पांच माणसें. आणि बोली सर्वांस समजेल अशी. आपल्या पेढीवर मुनीम, कोठीवाला व गुमास्ता यांचीं कामें वांटलेलीं असतात, तसेंच हें आहे.

कोणी म्हणतील, हें सरकारचें काम. 2005 च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या कलम 30 नें अधिकारी, कर्मचारी व स्वयंसेवक यांच्या शिक्षणाचें कर्तव्य जिल्हा प्राधिकरणावर ठेविलें आहे खरें. परंतु सरकारी पथक येण्यापूर्वीं जवळचा नावाडी, हमाल व दुकानांतील नोकरच धांवतात. गोदावरीचें पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीशीं लागलें कीं सराफ बाजारांत माल कोण हलवितो, हें आपणांस सांगणें नको. या माणसांस हुकूम घेणें व खबर देणें शिकविलें नाहीं, तर त्यांच्या धैर्यानेंच घोटाळा वाढतो.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत सिंहस्थाचीं मुख्य स्नानें योजिलीं आहेत. तत्पूर्वीं आपल्या नोकरांस शिक्षणाच्या दिवसांची भरपगारी रजा द्यावी, रोजंदारांच्या बुडीत मजुरीकरितां वर्गणी द्यावी, आणि वखारींची एकेक खोली दोर, कंदील व औषधें ठेवण्यास द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. पै-पैचा हिशोब छापून आपल्यापुढें ठेवूं.